पालकांची बाजू

“आधी ओढायचं नाही,” बेकरीवाली म्हणाली. “आधी नुसतं उभं राहायचं.”

बेकरीच्या मागच्या अंगणात तिच्यासह सोळा पालक दोरी धरून उभे होते. दोरीचं दुसरं टोक पावाच्या गाडीला बांधलेलं, आणि गाडीला हँडब्रेक. कुणी दंतवैद्य, कुणी टपाल वाटणारी, कुणी रंगारी. मुलं मात्र सगळ्यांची एकाच प्राथमिक शाळेत.

त्या शाळेत प्रत्येक ऋतूतला एक शनिवार घरच्यांसाठी असे. पावसाळ्यात रोपं लावायची, थंडीत वर्गावर्गात गोष्टी वाचून दाखवायच्या आणि थंडी सरली की रस्सीखेच, पालक विरुद्ध शिक्षक. हरणाऱ्यांनी शाळेचे भाजीचे वाफे खणून द्यायचे. पालक सलग अकरा वर्षं वाफे खणत होते. गेल्या वर्षी नऊच जण आले. यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी घरोघर चिठ्ठी धाडली : पालकांना रस नसेल, तर हे शनिवार बंद केलेले बरे.

बेकरीवालीच्या चौथीतल्या मुलीने ती चिठ्ठी दप्तरातून काढली आणि आईच्या हातात दिली. आईने वाचली. हाताचं पीठ झटकलं. सात वर्षं ती कुंपणापाशी उभी राहून टाळ्या वाजवत आली होती. त्याच संध्याकाळी तिने एकेका घराची कडी वाजवली.

“हरायलाच यायचं ना?” बऱ्याच जणांनी विचारलं.

“या तर खरं,” ती म्हणाली.

खरी अडचण एकच होती. खेळाचे सर. मुलं त्यांना डोंगर म्हणत. दोरीचं शेवटचं टोक कमरेला गुंडाळून ते पाय रोवून उभे राहिले, की तसूभर हलत नसत.

“डोंगर हलतो होय कधी?” रंगाऱ्याने विचारलं. त्याचा मुलगा यंदाच पहिलीत आला होता.

“हलतो. पहिल्या झटक्यातच ते सगळा जीव ओततात. तो झटका सोसायचा. मग डावा पाय सरकवून दम घेतात. नेमकं तेव्हा ओढायचं.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“बरीच वर्षं बघतेय.”

दंतवैद्य खाली बघून हसला.

“आणि तुमचे मिस्टर? ते नाही येत सरावाला?” रंगाऱ्याने पुढे विचारलं.

“ते थेट मैदानावर येतील. चला, गप्पा पुरे. दोरी उचला.”

सहा आठवडे हे चाललं. तळहात सोलवटले. टपालवाली आपल्या गल्लीत हाताला पट्ट्या बांधून फिरली. पाचव्या आठवड्यात हँडब्रेक लावलेली गाडी बोटभर पुढे सरकली, तेव्हा सोळाही जण लहान मुलांसारखे नाचले.

शनिवारी सकाळी मुलगी दुधाच्या पेल्यात बघत बसली होती.

“आज कोणाच्या नावाने ओरडणार?” आईने विचारलं.

“कोणाच्याच नाही.”

“का गं?”

“मी दोरीच्या मधोमध उभी राहणार.”

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि बूट घातले.

मैदान गच्च भरलं होतं. आज्या-आजोबा बाकांवर, मुलं कुंपणावर. मुख्याध्यापिकाबाई शिट्टी घेऊन मधोमध. मुलगीही तिथेच, दोरीला बांधलेल्या लाल रुमालापाशी उभी राहिली. बाजूला हो म्हटलं तरी हलेना.

बेकरीवालीने यंदा पालकांचं पहिलं स्थान घेतलं. जाताना ती डोंगरासमोर क्षणभर थांबली.

“जपून,” तो म्हणाला.

“ज्याने त्याने आपलं बघावं,” ती म्हणाली.

पहिली खेच शिक्षकांनी घेतली. पालकांनी घाईच केली, झटका सोसायच्या आधीच ओढायला लागले. कुंपणावरून हसण्याची लाट आली. रंगाऱ्याचा चेहरा पडला.

“गाडी आठवा,” बेकरीवाली म्हणाली. “समोर माणसं नाहीत. गाडी आहे.”

दुसऱ्या खेचीत ते नुसते उभे राहिले. झटका आला. अंगं तिरकी झाली, टाचा मातीत रुतल्या, पण रांग मोडली नाही. मग तिचा आवाज आला, “आत्ता!” आणि लाल रुमाल पालकांकडे आला. मैदानाला क्षणभर कळलंच नाही काय झालं. कळलं तेव्हा आज्या बाकांवरून उठून उभ्या राहिल्या.

एक-एक.

तिसरी खेच संपता संपेना. रुमाल इकडे वीतभर, तिकडे वीतभर. दंतवैद्याचा चष्मा पडला, तो तसाच ओढत राहिला. बेकरीवालीची नजर रांगेच्या पार टोकाला होती, एका डाव्या पायावर. पाय हलला नाही. हलला नाही. ती थांबली. तिच्या मागचे पंधराही थांबले, आणि हातांचं कातडं जाऊ दिलं.

पाय सरकला.

“आत्ता!”

असा आवाज त्या मैदानाने अकरा वर्षांत ऐकला नव्हता. शिक्षकांची रांग पुढे ओढली गेली, एकामागून एक सगळे गुडघ्यांवर आले, आणि शेवटी डोंगर हलला, डगमगला आणि धाडकन पाठीवर आडवा झाला.

रंगारी मोठ्याने रडत होता. टपालवालीने मुख्याध्यापिकाबाईंना उचलून घेतलं. “पुढच्या वर्षी वेळेवर या सगळे!” बाई हवेतूनच ओरडल्या. पालकांनी बेकरीवालीला खांद्यावर घेतलं. तिने वरून मुलीकडे बघत दोन्ही हात पसरले.

मुलगी पळत सुटली. आईच्या हातांखालून, नाचणाऱ्या पालकांमधून ती थेट पलीकडे गेली, आणि मातीत आडव्या पडलेल्या डोंगराच्या छातीवर दोन्ही हात टेकून त्याला हलवू लागली.

“बाबा, ऊठ ना! बघ, आई जिंकली!”