शटरचा डोळा

दसऱ्याचा झेंडू विकून पंचफुला बडनेऱ्याहून टेम्पोनं घरी परतली, ती दिवेलागणीलाच. घराच्या दर्शनी खोलीचं सकाळपासूनचं उघडं शटर पाडायला सुनेनं रिमोट दाबला. शटर हातभर खाली आलं अन् पुन्हा वर गेलं. परत दाबला, परत तेच. "या डोळ्याले मधात कोणी दिसलं का शटर पडत नाही," शटर बसवताना मिस्त्री चौकटीतला सेन्सर दाखवून म्हणाला होता. पंचफुला दोन पावलं मागं सरकली. बाजारातून यायला उशीर झाला की नवरा तिथंच काठी घेऊन उभा असायचा. चैत्रात तो वारला. "लय गिऱ्हाईक होतं जी आज," ती रिकाम्या दाराला सांगू लागली. सून वाकली अन् हसली. "आई, सकाळी पूजेत तुमी डोळ्यालेच कुंकू फासलं!" ते पुसताच शटर मुकाट खाली आलं. पंचफुलाही हसली. मग पदर डोक्यावर ओढून, चपला हातात घेऊन, चोरपावलांनी आतल्या घरात गेली.