मागच्या दाराचं रबर

दार तिसऱ्यांदा उसळून उघडलं. शैलेंद्रनं तोंडावर आलेली शिवी गिळली आणि घड्याळ पाहिलं. साडेनऊ. मुहूर्त अकरा सत्तावीसचा.

ईस्ट कोस्ट भागातल्या त्यांच्या कॉन्डो इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये वारा म्हणून नव्हता. बोटं काळ्या डिंकानं चिकट झाली होती. बाबांनी सत्त्याऐंशी साली घेतलेली ती जर्मन गाडी अजून दिमाखात उभी असायची, पण मागच्या दाराचं रबर कडक होऊन तडकलं होतं. सर आली की सीट भिजायची. "असल्या गाडीतून नवरीला कसं न्यायचं?" असं म्हणत त्यानं चार महिने काढले होते. नवं रबर आणून डिकीत टाकलं होतं, लावलं मात्र नव्हतं. आज सकाळी उठला तो थेट खालीच आला.

फोन वाजला. प्रणिता, धाकटी बहीण, लग्नासाठी पुण्याहून विमानानं आलेली.

"दादा, नवरदेव हॉलवर पोचलेत. तू कुठायस?"

"गाडीपाशी. रबर बसत नाहीये."

"टॅक्सी बोलावून उपयोग नाही, सांगून ठेवते. ती म्हणते, तू नेलंस तरच जाईन. नाहीतर साडी बदलून स्वयंपाकाला लागते."

फोन ठेवल्यावर त्याला जास्तच उकडायला लागलं. म्हणजे रबर बसलं नाही तर लग्न मोडणार, आणि कुणी त्याला बोल लावणार नाही.

चार महिन्यांपूर्वी जेवताना तिनं सांगितलं होतं, "मी लग्न करतेय. प्रबोधशी." शैलेंद्रनं ताट सरकवलं होतं. बाबा असते तर हा दिवस उगवलाच नसता, असं तो तेव्हापासून स्वतःशी म्हणत होता. जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, त्यानं प्रबोधची उलटतपासणीही घेतली होती. घर कुणाच्या नावावर, दारू किती, राग येतो का. कॉफी निवेपर्यंत सगळी उत्तरं सरळ मिळाली. शेवटचं होतं, "तिला एकटं पडू देणार नाही."

तेच त्याला झोंबलं होतं. "आपल्या घरात ती एकटी कधी होती?" त्यानं प्रणिताला फोनवर विचारलं होतं.

"तू रात्री नऊला घरी येतोस, दादा. तिलाच विचार."

त्यानं विचारलं नव्हतं.

आता त्यानं रबराच्या पट्टीचं सुटलेलं टोक उजेडात धरलं. तिची ओठासारखी कड आतल्या बाजूला आली होती. उलटी बसवली होती तर! त्यानं सगळं रबर उपसून काढलं, खाचेतला जुना डिंक पुन्हा खरवडला आणि कोपऱ्यापासून वीत वीत दाबत आणलं. अंगठ्याची साल निघाली. दार लोटलं. ते जड, दबका आवाज करत बंद झालं. कागदाचा तुकडा फटीत धरून त्यानं पुन्हा बंद केलं आणि ओढून पाहिलं. कागद हलेना.

तो तसाच उभा राहिला. बसत नाही म्हणून अजूनही सांगता आलं असतं.

त्यानं प्रणिताला फोन लावला. "खाली आण तिला."

लिफ्ट उघडली. प्रणिताबरोबर ती पैठणी सांभाळत हळूहळू आली. त्याच्याकडे न बघता तिनं विचारलं, "झालं?"

"झालं. थेंबही येणार नाही आत."

त्यानं हात पुसले आणि दार उघडलं. ती वाकली आणि थांबली. "मनात नसेल तर अजूनही सांग. मी वर जाते."

दारात अडकू नये म्हणून त्यानं तिचा पदर गोळा करून तिच्या हातात दिला.

"बस, आई," तो म्हणाला. "प्रबोधकाका वाट बघताहेत."