मारायचा का सोडायचा

"अगं, डोक्यावरून चाललेला बॉल मारायला कशाला गेलीस?"

रुचिताने बॅट खाली टेकवली. उद्या सॉफ्टबॉलच्या राज्य संघाची निवड, आणि ही येईल त्या बॉलवर बॅट फिरवतेय. माझं डोकं सटकलं. लॅपटॉपवर पिचरच्या हातातून बॉल सुटतानाचा व्हिडिओ दाखवला, की मारायचा का सोडायचा ते हीच पोरगी अचूक सांगते.

"तिथे कळतं, मग इथे काय होतं तुला?"

"इथेही कळतं, सर."

"मग सोडत का नाहीस?"

"सोडला की तुम्ही ओरडता, पुतळ्यासारखी उभी काय राहिलीस म्हणून."

 मी पिचरला खूण केली. पुढचा बॉल बराच बाहेरून गेला. रुचिताने शेवटपर्यंत नीट बघून तो सोडला.

"अगं, पुतळ्यासारखी..." माझ्या तोंडून निघून गेलंच.