बदकांचं कुंपण

"धाकटे, तुझी बदकं आवर."

थोरली जाऊ तळ्याच्या कडेला घोटाभर चिखलात उभी होती. हातात मुळासकट उपटलेला पाणनेचा. चार इवली पानं, बोटभर देठ. रस्त्यासाठी ओढा बुजवला, तेव्हा तिथला हा नेचा तिने टोपलीत भरून आणून या काठाला लावला होता. आसपास दुसरीकडे तो उरला नव्हता. शेजारी तिने पाटीही ठोकली होती: इथे पाय देऊ नये.

समोरच्या काठावरून धाकटी म्हणाली, "ताई, बदकांना वाचता येत नाही हो."

"मालकिणीला येतं ना?"

धाकटीला ते लागलं. त्याच दिवशी तिने आपल्या काठाला जाळी मारली, थोडं पाणी आत घेतलं आणि बदकं कोंडली. जावांचं बोलणं बंद झालं. संध्याकाळी पाण्यावरून चालणाऱ्या गप्पाही थांबल्या.

आता नेचा फोफावेल, असं थोरलीला वाटलं. फोफावलं ते गवत. उपटावं तितकं दाट यायचं. तिची कंबर धरली. गवताखाली नेचा पिवळा पडत गेला आणि शेवटी ओंजळभर राहिला.

ती ओंजळ घेऊन ती तळ्याला वळसा घालून निघाली. माझ्या हाताला नाही, तर तिच्या हाताला तरी लागू दे, असं सांगायचं तिने वाटेत घोकून ठेवलं होतं. जाळीपाशी येताच ती घोकलेलं विसरली.

आत बदकं चिखल तुडवत होती. गवताची काडी शिल्लक नव्हती. त्यांच्या पावलांच्या खळग्यांतून थेट पाण्यापर्यंत चार-चार पानांचा नेचा हिरवागार पसरला होता.

"तू लावलास?"

"मी कशाला? बदकांच्या पायाला चिकटून तुमच्याकडूनच आला असणार."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आपलं बोलणं बंद होतं ना."

थोरलीला हसू आवरेना. हसता हसताच तिने जाळीची कडी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाटी उपटली, कमरेवर हात ठेवले आणि तळ्यापलीकडे आवाज दिला, "धाकटे, ऊन डोक्यावर आलं. कुठं उलथलीत तुझी बदकं?"