वाणी गेल्यास

"आता हे वाचा," समोर बसलेल्या मुलीने पुठ्ठ्याचं कार्ड धरलं.

"खिडकीजवळ खुर्ची आहे पूर्णविराम."

मुलगी दचकली. बोलणं-वाचणं तपासायला तिला तिथे बसवलं होतं. हिरव्या पडद्यामागे डॉक्टरांचा हात थबकला. "पूर्णविराम? शब्द घसरला का त्यांचा?"

"काही घसरलं नाही," शस्त्रक्रियेच्या टेबलावरून बाई म्हणाल्या. "तीस वर्षं छापखान्यात मूळ प्रत मोठ्याने वाचतेय. मी विरामचिन्हांसकट वाचायचं, समोरच्याने छापलेल्या पानावर चुका धरायच्या. जिभेचं वळण आहे ते. तुमचं चालू द्या."

डोकं पकडीत घट्ट आवळलेलं, कवटीचं झाकण बाजूला काढलेलं आणि बाई टक्क जाग्या. मेंदूला दुखत नाही म्हणे. खरंच दुखत नव्हतं. नाकाला मात्र खाज सुटली होती आणि खाजवायला हात मोकळा नव्हता, याचाच बाईंना जास्त संताप येत होता.

डॉक्टरांनी हलकी वीज सोडणाऱ्या बारीक तारेचं टोक मेंदूवर कुठेतरी टेकवलं. कार्डावरची अक्षरं जागच्या जागी होती, पण एकाचीही ओळख पटेना.

"दिसतंय, पण वाचता येत नाही," बाई घाईघाईने म्हणाल्या. "बोलता येतंय हं! ऐकू येतंय ना मी बोलतेय ते?"

"येतंय, येतंय. ही वाचनाची जागा. वरच्या थरात आहे, हिला धक्का लावायचा नाही." डॉक्टरांनी तिथे आकडा लिहिलेला इवलासा कागद ठेवला. तार उचलली आणि अक्षरं पुन्हा ओळखीची झाली.

मग बराच वेळ काम चाललं. मुलगी चित्रं दाखवत होती, बाई नावं सांगत होत्या. हत्ती. शिडी. बादली. पुढचं चित्र कुलपाचं होतं. ते कुलूप आहे हे बाईंना पक्कं माहीत होतं. जीभ तोंडातच होती. आवाज मात्र निघेना. दोन-तीन सेकंदच.

"कुलूप!" तार दूर होताच त्या ओरडल्या. "कुलूप, कुलूप, कुलूप!"

डॉक्टरांनी श्वास सोडला. "बाई, गाठ जवळजवळ सगळी निघाली. वाटाण्याएवढी राहिलीय, अगदी खोल. बोलण्याचे धागे तिला चिकटलेत. तेवढी काढतो."

"आणि बोलणं?"

"बहुतेक जाईल. पण गाठ मुळासकट जाईल. काल तुमच्या दादांशी सगळं बोलणं झालंय. ते म्हणाले, जीव वाचवा, मुकी झाली तरी आम्ही सांभाळू. तुमचीही सही आहे त्यावर."

होती सही. दादांनी जिथे बोट ठेवलं तिथे केलेली. साऱ्या जगाची पानं वाचणाऱ्या बाईंनी स्वतःचा एक कागद काही वाचला नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"तो कागद आणा."

"आत्ता?"

"मग कधी? मुकी झाल्यावर?"

नर्सने फाईल आणून कागद डोळ्यांसमोर धरला. बाई वाचू लागल्या, रोजच्या त्याच सपाट आवाजात. "शस्त्रक्रियेत वाणी गेल्यास स्वल्पविराम रुग्णाची व नातेवाइकांची हरकत नाही पूर्णविराम."

लोकांनी लिहिलेलं बरं-वाईट, खरं-खोटं, सगळं त्यांनी असंच वाचलं होतं. वाचायचं आणि पुढे जायचं. दुरुस्ती हे त्यांचं काम कधीच नव्हतं.

"हे वाक्य चूक आहे," बाई म्हणाल्या. "काढा."

"कुठे चूक आहे?" मुलीने गोंधळून विचारलं.

"रुग्णाची हरकत आहे."

भूल देणारे डॉक्टर मास्कच्या आत खुदकन हसले. मोठे डॉक्टर हसले नाहीत. "बाई, अर्धवट काम माझ्या हातून होत नाही. राहिलेली गाठ वाढेल."

"वाढेल, की वाढू शकेल?"

"वाढू शकेल. औषधं देऊ, किरण देऊ, पण खात्री नाही."

"मग नीट सांगा ना तसं. वाढली तर पुन्हा येईन. तेव्हाही अशीच भांडेन."

"तुमच्या दादांनी सही केलीय."

"दादांची सही दादांच्या डोक्याला चालेल. हे डोकं माझं आहे. तुम्ही हात घातलात म्हणून ते तुमचं होत नाही." बाईंचा आवाज कापत होता. भीतीनेच कापत होता, पण थांबत नव्हता. "मुकी करून कोणी मला सांभाळायला नको. मला बोलायचंय. जितके दिवस मिळतील तितके दिवस बोलायचंय."

पडद्यामागे डॉक्टरांनी हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला.

"खोडा ते," ते म्हणाले.

मुलीने ओळीवर रेघ मारली. नर्सने बाईंच्या उजव्या हाताचा पट्टा सैल करून बोटांत पेन दिलं. खोडलेल्या ओळीशेजारी वाकडीतिकडी का होईना, सही उमटली. हात मोकळा झालाच होता म्हणून बाईंनी आधी नाक खाजवून घेतलं.

"दादा बाहेर बसलेत," पडद्यामागून डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज आता थकलेला होता. "भडकणार ते. काय सांगू त्यांना?"

"तुम्ही कशाला सांगताय?" बाई म्हणाल्या. "तुम्ही टाके घाला. मी येतेय ना बाहेर, मीच सांगते."