संचालकांची डिस्क

“मॅडम, सर्व्हर भरला. संध्याकाळपर्यंत जागा मिळाली नाही, तर भूकंपाच्या जुन्या नोंदी पुसाव्या लागतील,” पीएचडी करणारी केतकी रडवेली झाली होती. संस्थेचा सर्व्हर मी सांभाळत होते.

सर्व्हरमधल्या डिस्क गटागटाने वाटून दिलेल्या होत्या; केतकीचा गट भरला होता, संचालकांचा गट वेगळा होता. त्यात त्यांच्या सत्काराचे व्हिडिओ होते. बहुतेक एकाच सत्काराचे, कारण प्रत्येकदा पाहून झालं की ते नव्याने साठवून ठेवत.

“सर, जास्तीच्या प्रती काढून एक डिस्क केतकीच्या गटात टाकू?” मी विचारलं.

“टाका. पण शाल पांघरतानाचा राहू द्या हं!”

मी डिस्क रिकामी करून तिच्या गटाला जोडली. नोंदी शाबूत राहिल्या.

वर्षभराने केतकीचा शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव संचालकांचं होतं.

“अगं, जागा कुणी दिली?” ते तिला म्हणाले.