जवळपास यल्ला

"आयला, चिकटत नाहीये ही टेप!"

"तोंड सांभाळ, पोरगी आहे समोर," छाया आतून ओरडली.

शैलेंद्रने डाव्या हाताने फलक भिंतीवर दाबला. ईशानीने तो मन लावून रंगवला होता: 'वुई आर ऑल एशियन्स'.

"ऑल म्हणजे आपणसुद्धा?"

"ऑब्व्हिअसली, बाबा. लुक ॲट द मॅप."

कोरोनाचं वर्ष होतं. मंगळवारी त्यांच्याच जिन्यात जोएलला कोणीतरी फोडून काढलं होतं. जोएल फिलिपिनो, दुसऱ्या मजल्यावरचा, हॉटेलात आचारी. गुन्हा म्हणजे जिन्यात शिंकला. मागून कोणीतरी त्याचं डोकं कठड्यावर आपटलं, मग लाथा. दोन दात आणि एक बरगडी गेली. मारणारा मास्कमध्ये होता, पण तेव्हा अख्खी दुबईच मास्कमध्ये होती.

शुक्रवारी अकरा वाजता डिस्कव्हरी गार्डन्सच्या त्या बिल्डिंगचे नऊ रहिवासी पार्किंगमध्ये जमले. ऐक्याची साखळी करायची होती, पण हातात हात धरायला बंदी. म्हणून दोन-दोन मीटरवर उभे राहून सगळे एकमेकांकडे प्रेमाने बघत होते.

"हाताला काय रे?" शैलेंद्रची सुजलेली उजवी बोटं बघून वसईच्या पॅट्रिकने विचारलं. सभा त्याचीच.

"कुकरचं झाकण."

पॅट्रिक जोएलकडे वळला. "तो काही बोलला का?"

"लाथ मारताना बोलला. यल्ला... नाही, जवळपास यल्ला."

"जवळपास काय? यल्लाच. अरबीतलं 'चल'," शैलेंद्र म्हणाला. "पण बंगाली उच्चारातला. म्हणून जवळपास."

सगळ्यांना पटलं. तेवढ्यात पलीकडे गाड्या धुणारा बांगलादेशी कमरुद्दीन बादली उचलत कोणाला तरी म्हणाला, "यल्ला साहब, गाडी आगे लो."

नऊ माना एकदम वळल्या.

"साला, गरिबाला मारतोस?" पहिला ठोसा शैलेंद्रचा. दोन मीटरचं अंतर पुढच्या क्षणी मिटलं. कमरुद्दीन बॉनेटवर आपटला, मग खाली. कोणी वायपर उपटून त्याने झोडलं, कोणी फलकाची काठी वापरली. साबणाचा फेस गुलाबी झाला. "साहब, मैंने क्या किया?" एवढंच तो विचारत होता, तेही फार वेळ नाही.

"स्टॉप! यानेच मला त्या दिवशी टॅक्सीत घातलं!" जोएल मोडकी बरगडी घेऊन घुसला आणि कमरुद्दीनवर आडवा पडला. बाकीचे थबकले.

शैलेंद्रची मूठ मात्र निघाली होती. ती जोएलच्या कानाजवळून गेली आणि लोखंडी बादलीच्या काठावर बसली. सुजलेल्या बोटांवरच.

"आयला!"

जोएलने सावकाश मान वर केली.

"आय-ला," तो फुटक्या ओठांतून म्हणाला. या वेळी जवळपास नाही, अगदी बरोबर.